वाचल्याशिवाय सही करू नका

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"मुलांना चार शब्द सांग," असं मंडळाच्या काकांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काका, मी सत्तावीस वर्षांची. चार शब्द सांगायला चाळिशी तरी गाठायला हवी." ते म्हणाले, "मुलं आमचं ऐकून कंटाळली आहेत. तुझं ऐकतील, कारण तुझी शेवटची परीक्षा होऊन फार दिवस झालेले नाहीत." हे मात्र खरं. मी एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात कसा गोळा येतो, ते मला अजून चांगलं आठवतं.

आणखी एक ओळख आधीच करून देते. माझी आई वाक्वाच्या बाजूच्या मराठी घरातली, आणि वडील क्रिओल कॅथलिक. माझा बाप्तिस्मा झाला आहे आणि ड्युटी नसेल त्या दर रविवारी मी मिस्साला जाते. कित्येक वर्षी गणेश चतुर्थी आणि पेर लावाल यांच्या समाधीची यात्रा एकाच आठवड्यात येतात. मग मामाच्या घरी मोदक खायचे, विसर्जनाला नदीपर्यंत जायचं, आणि ८ सप्टेंबरच्या रात्री सेंत-क्र्वाला चालत जायचं, असा आमच्या घरचा नेम असतो. त्या यात्रेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायकाही हातात मेणबत्ती घेऊन चालतात. आपल्या बेटावर याचं कुणाला नवल वाटत नाही.

मी ख्रिस्ती आहे हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण ज्या श्रद्धेतून मी बोलणार ती झाकून ठेवून बोलणं बरं नव्हे. पण मी इथे कुणाला चर्चमध्ये बोलवायला आलेली नाही. तुमच्या देवघरात जो दिवा आहे, तो तसाच तेवत राहो. माझ्या घरातल्या दिव्याच्या उजेडात मला जे दिसलं, तेवढंच मी सांगणार आहे.

तुम्ही सगळे शाळेच्या सहलीला पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेला आहात. तिथल्या सोळा पायऱ्या चढला आहात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून छत्तीस मजूर उतरले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करार करून या बेटावर आली. त्यातले आपले मुंबई बंदरातून निघाले, पुष्कळसे रत्नागिरीच्या बाजूचे. ती आवक कायमची थांबली, त्यालाही आता शंभर वर्षं झाली. आज या सभागृहात असा एकही माणूस नाही, की जो स्वतः ते जहाज चढला होता. त्यामुळे त्यांच्या वतीने बोलायची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, अंगावरची खूण. नंतरच्या काळातल्या पुष्कळांचे फोटोही आहेत. ज्यांनी आपल्या पूर्वजांची नोंद अजून काढली नसेल, त्यांनी या सुट्टीत आजीला बरोबर घेऊन जावं. आजीला नावं आठवतात आणि तुम्हाला वह्या वाचता येतात. दोघं मिळून गेलात तर काम होईल.

आईच्या पणजोबांची नोंद बघताना माझ्या मनात एक विचार आला. या माणसाने कागदावर निशाणी केली, तेव्हा कागदात काय लिहिलं आहे हे त्याला कुणीतरी तोंडी सांगितलं असेल. जेवढं सांगितलं तेवढंच त्याला कळलं. सुरुवातीच्या करारात पाच वर्षं काम, महिन्याला पाच रुपये आणि शिधा, असं होतं. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही रीत इथे रुजली होती. ती मुंबईच्या धक्क्यावर कुणी समजावून सांगितली असेल का? मला नाही वाटत. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचा आपल्या लोकांनी 'गिरमिट' केला. शब्द तोंडात बसला, पण कागद वाचता येत नव्हता.

म्हणून माझी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. वाचल्याशिवाय सही करू नका.

तुम्ही हसाल. म्हणाल, आम्ही तर शाळेत जातो, आम्हाला इंग्रजी येतं, फ्रेंच येतं. पण माझ्या एका मैत्रिणीचं ऐका. आम्ही एकत्र शिकलो. तिला परदेशात वृद्धांची सेवा करण्याचं काम मिळालं. एका एजन्सीने कागद पाठवले, चौदा पानं. पगाराचा आकडा पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होता. तिने तो बघितला आणि शेवटच्या पानावर सही केली. तिथे गेल्यावर तब्येत बिघडली म्हणून तिला परत यायचं होतं. तेव्हा अकराव्या पानावरची अट पुढे आली. ठरलेल्या मुदतीच्या आत काम सोडलं तर विमानाचं तिकीट, प्रशिक्षण, कागदपत्रं, सगळ्याचा खर्च तिने भरायचा. घरच्यांनी कर्ज काढून तिला सोडवून आणलं. ती शिकलेली मुलगी. तिला वाचता येत होतं, पण तिने वाचलं नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना फसवलं गेलं, हे दुःख आहेच. पण वाचता येत असून आपण न वाचता सही करतो, तेव्हा त्या नोंदवहीतल्या माणसांनी आपल्याला मिळवून दिलेली सगळ्यात मोठी वस्तू आपण वाया घालवतो.

हप्त्यावर फोन घेताना, शिक्षणासाठी कर्ज काढताना, नोकरी धरताना, परदेशी जाताना तीन प्रश्न विचारा. पैसे कुणी, कुणाला आणि केव्हा द्यायचे? मध्येच सोडावं लागलं तर काय होईल? आणि यातलं जे मला कळलं नाही, ते समजावून सांगणारं माझ्या बाजूचं माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्या दिवशी सही करू नका. "आजच सही करा, उद्या जागा जाईल," असं कुणी म्हटलं, तर जागा जाऊ द्या.

पण सहीची दुसरीही एक बाजू आपल्या इतिहासात आहे. १८७१ साली, करार पूर्ण झालेल्या जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे एक अर्ज केला. अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या युरोपीय गृहस्थाने तो लिहायला मदत केली. त्या अर्जावर ९,४०१ लोकांची नावं होती. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचीही. कामावर नसलेल्या माणसाला रस्त्यात अडवायचं, पास तपासायचा, तुरुंगात टाकायचं, या सगळ्याविरुद्ध ती तक्रार होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडहून चौकशीसाठी आयोग आला आणि १८७८ मध्ये मजुरांसाठी नवा कायदा झाला. म्हणजे बघा, काय लिहिलं आहे हे न कळता केलेल्या एका निशाणीने आपले लोक बांधले गेले, आणि काय लिहिलं आहे हे पूर्ण समजून केलेल्या दुसऱ्या निशाणीने त्यांनी दोर थोडा सैल करून घेतला. तुमच्या सहीत एवढी ताकद आहे. ती जपून वापरा.

दुसरी गोष्ट गुणांची. सहावीला पीएसएसी, नववीला एनसीई, मग एससी, मग एचएससी. आपल्या देशात मुलाचं वय विचारत नाहीत, कुठली परीक्षा आहे ते विचारतात. एचएससीचा निकाल लागला की लॉरिएट झालेल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, गळ्यात हार, खांद्यावर घेतलेले. मला त्या मुलांचं मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी खूप कष्ट केलेले असतात. पण त्या फोटोत मूठभर मुलं असतात, आणि बाकीच्या हजारो घरांत त्याच संध्याकाळी शांतता असते. मी आज त्या घरांतल्या मुलांशी बोलते आहे.

आपल्या समाजात एक वाक्य फार ऐकू येतं. "तुझ्या पणजोबाने ऊस तोडला, ते तू डॉक्टर व्हावंस म्हणून." आजी-आजोबांना हात जोडून सांगते, हे वाक्य जरा कमी वेळा म्हणा. त्यामागचं प्रेम आम्हाला कळतं. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर साडेचार लाख माणसांचं ओझं ठेवलं, तर तो अभ्यास कसा करणार? ऊस तोडणाऱ्या माणसाला आपलं पोर शिकावं असं वाटलं असेल. पण त्याला सगळ्यात जास्त काय वाटलं असेल? आपल्या पोराला कुणी मुकादमाने हाक मारू नये, त्याने आपलं काम आपण निवडावं. ते निवडणं डॉक्टर होण्यातही आहे आणि सुतार होण्यातही.

माझ्या एका मामेभावाला एससीला पुरेसे क्रेडिट मिळाले नाहीत. दोन महिने तो घराबाहेर पडला नाही. नातेवाईक आले की मागच्या दाराने निघून जायचा. शेवटी मामीने त्याला एमआयटीडीच्या केंद्रात नेलं. तिथे तो वातानुकूलन यंत्रं आणि फ्रीज दुरुस्तीचं काम शिकला. आज त्याची स्वतःची व्हॅन आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. उन्हाळ्यात लोक त्याला फोन करून विनवण्या करतात. मी त्याची गोष्ट पैशांसाठी सांगत नाही. त्याचा मागच्या दाराने निघून जाण्याचा काळ संपला, म्हणून सांगते.

आमच्या शुभवर्तमानात येशूचं आयुष्य आहे. ते वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत तो नाझरेथ नावाच्या लहानशा गावात राहिला आणि हातात सुताराची हत्यारं होती. त्या वर्षांबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. पण ती वर्षं वाया गेली असं कुणी म्हणत नाही. ज्यांचं नाव अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. अठराव्या वर्षी लागलेला निकाल हा तुमच्या आयुष्याचा निकाल नव्हे.

पण याचा अर्थ अभ्यास करू नका असा नाही. नाहीतर घरी जाऊन म्हणाल, "त्या परिचारिकेने सांगितलं, गुणांचं काही नाही." अभ्यासाबद्दल मला जे उपयोगी पडलं ते सांगते. शाळा सुटली की एक लेसों, मग दुसरी लेसों, रात्री आठला घरी. दिवसभर दुसऱ्याने फळ्यावर सोडवलेलं गणित बघायचं, मग स्वतः सोडवायला वेळ कधी मिळणार? चार लेसोंपैकी एक कमी करा आणि तो तास एकट्याने बसा. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावा, कुणाला न विचारता लिहा. मग लाल पेन घेऊन स्वतःच तपासा. चुकलेल्या प्रश्नांची एक वेगळी वही ठेवा. परीक्षेच्या आधी फक्त ती वही वाचा.

आणि जे कळलं ते दुसऱ्याला समजावून सांगा. परिचारिकेच्या शिक्षणात आम्ही हेच करायचो. जखम कशी बांधायची ते एकीने मोठ्याने सांगायचं, दुसरीने करायचं. जिथे जीभ अडखळते तिथे आपल्याला येत नाही हे लगेच कळतं. धाकट्या भावाला शिकवा. शेजारच्या मुलीला शिकवा. तिचा फायदा होईल आणि तुमचा त्याहून जास्त.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. यावर कुणी भाषण करत नाही, म्हणून मी करते. एचएससीच्या वर्षीसुद्धा मी रविवारी संध्याकाळपर्यंत पुस्तक उघडत नव्हते. सकाळी मिस्सा, दुपारी आजीकडे जेवण, मग झोप. माझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तुला परवडतं बाई!" मला परवडत होतं असं नाही. तो माझ्या धर्माचा नियम होता आणि मी तो धरून ठेवला. नंतर मला कळलं, की मळ्यावर आपल्या लोकांना रविवारीही सकाळी काही तास बिनपगारी काम करावं लागे, कॉर्वे म्हणत त्याला. मजुरी सहा दिवसांची आणि काम सातव्या दिवशीही. आठवड्यातला एक दिवस आपला असणं ही त्यांना न मिळालेली वस्तू होती.

म्हणून आठवड्यातून एक दिवस, निदान अर्धा दिवस, कुठलाही मुकादम आत येऊ देऊ नका. पुस्तकाचा नाही आणि फोनचाही नाही. आता तर फोन हाच मोठा मुकादम झाला आहे. रात्री दोन वाजता हाक मारतो आणि आपण "आलो" म्हणतो. तुमचा दिवस सोमवार असेल, गुरुवार असेल, शनिवार असेल, तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा. त्या दिवशी समुद्रावर जा, देवळात जा, आईला स्वयंपाकात मदत करा, झोपा. वॉर्डात मी रोज बघते. आपल्या देशात दर पाच प्रौढांमागे जवळजवळ एकाला मधुमेह आहे. पाय गमावलेल्या माणसांच्या जखमा मी धुते. त्यातली पुष्कळ माणसं आयुष्यभर फार राबलेली असतात. अंगाने सांगितलेलं ऐकायला त्यांना कधी फुरसत मिळाली नाही. तुम्हाला ती मिळते आहे, तर घ्या.

चौथी गोष्ट अवघड आहे. पण या वयाच्या मुलांसमोर उभी राहून ती टाळली तर माझ्या बोलण्याला अर्थ नाही.

आपल्या बेटावर सिंथेटिक नावाचं विष मिळतं. कुठे मिळतं हे तुमच्यापैकी काहींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. रात्रपाळीला रुग्णवाहिकेतून जी मुलं येतात, त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर शाळेचा गणवेश असतो. कुणाची आई शेजारी उभी असते आणि सारखं एकच वाक्य म्हणत असते, "हा असा नव्हता हो." ती खरं बोलत असते. कुणीही तसा नसतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते हवं असतं. बहुतेकांना ते देणाऱ्या मित्राला नाही म्हणता येत नाही, किंवा मनात काहीतरी असतं आणि ते सांगायला माणूस नसतो.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, नाही म्हणायची सवय लहान गोष्टींपासून लावा. कॉपी दे म्हटलं, नाही. लेसों बुडवू म्हटलं, नाही. मोठ्या दिवशी तो शब्द तोंडात तयार हवा. दुसरी, एक मोठं माणूस आत्ताच ठरवून ठेवा. आई नको असेल तर मावशी, मामा, शाळेतल्या बाई, देवळातले पंडितजी, चर्चमधले फादर. मन फार काळं झालं, तर त्या माणसाकडे जाऊन एवढंच म्हणायचं, "मला बरं वाटत नाही." पुढचं सगळं त्यांना विचारू द्या. ताप आला की आपण दवाखान्यात जातो आणि त्याची लाज वाटत नाही. मनाला ताप आला तरी वाटू नये.

आणि समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनो, तुमच्याकडे कुणी असं आलं, तर त्या वेळी पणजोबांची गोष्ट सांगू नका. आधी पाणी द्या, जवळ बसा, ऐका. आमच्या बायबलमध्ये उधळ्या मुलाची गोष्ट आहे. मुलगा सगळं घालवून परत येतो. बाप त्याला दुरूनच बघतो आणि धावत जातो. त्या बापाने आधी हिशेब मागितला नाही. हिशेब नंतर होतो. आधी मूल घरात यायला हवं.

शेवटची गोष्ट भाषेची. प्राथमिक शाळेत भाषा निवडायचा कागद आला तेव्हा मी मराठी मागितली. शाळेतल्या एकीने माझं आडनाव बघितलं, गळ्यातला क्रूस बघितला आणि म्हणाली, "तुझ्यासाठी नाही ही भाषा." आईने शांतपणे सांगितलं, "ही भाषा माझी आहे, आणि ही मुलगी माझी आहे." मग मला मराठी मिळाली. मोठी होऊन मी वाचायला लागले तेव्हा मला समजलं, की त्या बाईंना मराठीचा इतिहास ठाऊक नव्हता.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओव्यांत त्याने 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे आपलं पहिलं जहाज इथे येण्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे तुमच्या-माझ्या पूर्वजांच्याच मातीतला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी परक्या चालीच्या गाण्यांवर समाधान मानलं नाही. अभंग, भजन, कीर्तन या आपल्याच रीतीने ते देवाला आळवत राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. नवऱ्याने घरी अक्षरं शिकवली आणि त्याच बाईने पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली मृत्यू जवळ आला तोवर त्या हेच काम करत होत्या. आता मला कुणी सांगावं, की ही भाषा माझी नाही!

आणि याच बेटावरचं उदाहरण पेर लावाल यांचं. फ्रान्समध्ये ते डॉक्टर होते, मग धर्मगुरू झाले आणि १८४१ साली इथे आले. गुलामगिरी नुकतीच संपली होती. मोकळ्या झालेल्या माणसांना कुणी विचारत नव्हतं. लावाल आधी क्रिओल शिकले आणि मग बोलले. ज्यांच्या भाषेला लोक भाषा म्हणायला तयार नव्हते, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत. म्हणून १८६४ मध्ये ते गेले तरी आजही लोक त्यांच्यासाठी रात्रभर चालतात.

म्हणून मराठी शिका, आणि क्रिओलला हसू नका. भोजपुरी येत असेल तर सोडू नका. वॉर्डात एखादी आजी येते. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर ती आजही अंगठा उठवते. मी तिच्या शेजारी बसून तो कागद तिच्या भाषेत वाचून दाखवते. तिला कळेपर्यंत, दोनदा, तीनदा. मग ती मान हलवते आणि अंगठा पुढे करते. कुणाला न कळलेल्या कागदावर बोट टेकवायला लावायचं नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. भाषा शिकल्याचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही. तुम्ही वकील व्हाल, बँकेत जाल, सरकारी कचेरीत बसाल, फ्रीज दुरुस्त कराल. तुमच्या टेबलासमोर कागद हातात घेऊन गोंधळलेलं कुणीतरी उभं राहीलच. त्याला खुर्ची द्या आणि वाचून दाखवा.

काही जण बेट सोडून जातील. कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, क्रूझची जहाजं. जा. आपण समुद्र ओलांडलेल्यांचीच लेकरं आहोत, समुद्राची भीती आपल्याला शोभत नाही. मात्र कागद वाचून जा, आणि आईला आठवड्यातून एकदा फोन करा, पैसे पाठवायच्या दिवशीच नव्हे.

माझी प्रार्थना मी माझ्या देवाकडे करते, तुम्ही तुमच्या देवाकडे करा. या सभागृहातलं प्रत्येक मूल आपलं नाव आपल्या हाताने, समजून, मान ताठ ठेवून लिहिणारं होवो. जे मागे पडतील त्यांना हात देणारं कुणीतरी भेटो, आणि जे पुढे जातील त्यांनी मागे वळून बघो.

 बाहेर चहा तयार आहे असं काकांनी खुणेने सांगितलं आहे, म्हणून थांबते. जय महाराष्ट्र, जय मॉरिशस.